गाडी जड का चालते

माझ्या हाताखालून गेलेली गाडी पेट्रोल फार पिते, असं कुणी म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. गिऱ्हाईक म्हणालं तर मी चार शब्द सुनावून मोकळा होतो. पण तेच वाक्य घेऊन माझी धाकटी बहीण गॅरेजच्या दारात उभी राहिली तेव्हा पंचाईत झाली. तिला दुपारी काही बोललं की संध्याकाळी ते सगळं बायकोकडून मला परत ऐकावं लागतं. या नणंद-भावजयीचं गूळपीठ असं आहे की घरात माझी बाजू घेणारा मी एकटाच.

"दादा, गाडी विकून टाकू," धाकटी म्हणाली. "पेट्रोल फार पिते. नाही परवडत आता."

"पिते म्हणजे? परवाच तर सर्व्हिसिंग केलंय मी."

"तुझ्या सर्व्हिसिंगला कोण नावं ठेवतंय? गाडी म्हातारी झाली, एवढंच. टायरवाल्याला विचारलंय मी. महिनाअखेरीला घेऊन जातो म्हणाला."

आता टायरवाला म्हणजे आमच्या समोरच्या दुकानातला. त्याला पंक्चर सोडून गाडीतलं काही कळत नाही, हे माझं पहिल्यापासूनचं मत. माझ्या बहिणीची गाडी त्याच्या घशात घालायची म्हणजे मी जिवंत असून नसल्यासारखंच की. मी पाना खाली ठेवला आणि धाकटीकडे नीट पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. गाडीच्या टपावरच्या पाटीवरची धूळ बोटानं पुसत होती.

त्या पाटीवर लिहिलंय तीच तिची ओळख. धाकटी मोटार शिकवते. माझ्या गॅरेजला लागून तिची खोली आहे. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि दारात ही एकच गाडी. शिकणारा स्टिअरिंगवर बसतो, ही शेजारच्या सीटवर. तिच्या पायाशी आणखी एक ब्रेक आहे. तो एका दांडीनं मुख्य ब्रेकला जोडलेला असतो. शिकणारा गोंधळला, की शेजारून हिनं पाय दाबायचा आणि गाडी थांबवायची. शिकवणीच्या सगळ्याच गाड्यांना असा दुसरा ब्रेक असतो. हिच्या गाडीचा मीच बसवून दिलाय.

संसार मोडून ती परत आली तेव्हा, आता हिचं कसं व्हायचं, असं तोंडावर विचारणारे कमी नव्हते. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. गाडी शिकली, शिकवायचा परवाना काढला आणि वर्षभरात त्याच लोकांच्या सुना-लेकी तिच्या खोलीबाहेर आपला नंबर यायची वाट बघत बसायला लागल्या. गाडी गेली की शाळा गेली, आणि शाळा गेली की ही माझ्या घरातल्या मागच्या खोलीत. मला आनंदच होईल, बायकोला तर दुप्पट होईल. पण हिला होणार नाही, आणि तेच माझ्या जिवाला लागलं होतं.

"महिनाअखेरीपर्यंत गाडी माझ्या ताब्यात," मी म्हणालो. "ती पेट्रोल का पिते हे शोधून काढतो. नाही सापडलं तर टायरवाल्याला मी स्वतः किल्ली नेऊन देईन."

"नको रे दादा, उगाच."

"उगाच कसं? माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

इज्जतीचं नाव मुद्दाम काढलं. तिच्या भल्यासाठी काही करतोय म्हटलं असतं तर तिनं मला उभं केलं नसतं.

शिकवणीची गाडी पेट्रोल जास्त खाणारच, हे मान्य आहे. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं, दर चौकात बंद पडायचं, पुन्हा सुरू करायचं. तरी ही गाडी लिटरला अकरा-बारा देत होती. आता धाकटी सात म्हणत होती. मी टाकी काठोकाठ भरून दिली, चार दिवस तिला शिकवण्या करू दिल्या आणि पुन्हा काठोकाठ भरली. सातसुद्धा भरेना. एवढ्यात मालवाहू टेम्पो चालतो.

मग मी बाह्या सरसावल्या. आधी टायरची हवा पाहिली, ती नेमकी होती. एअर फिल्टर काढला. तो मीच बदललेला, अजून पांढरा होता. प्लगची टोकं कोरडी आणि तांबूस, म्हणजे इंजिन पेट्रोल नीट जाळतंय. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी हातानं चाचपत नेली, कुठं ओल नाही. थर्मोस्टॅट बिघडला तर इंजिन गरमच होत नाही आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं, म्हणून तोही काढून गरम पाण्याच्या पातेल्यात सोडला. बरोबर उघडला. पातेलं घरचं होतं, हे बायकोला नंतर कळलं. त्या संध्याकाळचं मी इथं सांगत नाही.

एवढं करून मी गाडी स्वतः बाहेर काढली. हमरस्त्यावरून लांब जाऊन आलो, येताना मुद्दाम बाजारातल्या गर्दीतून आणली. गाडी माझ्या हातात लोण्यासारखी चालली आणि हिशोबही झकास निघाला. म्हणजे माझ्या हातात गाडीला काही रोग नाही आणि धाकटीच्या हातात गेली की पुन्हा टाकी रिकामी. मी डोक्याला हात लावला.

"तुझे विद्यार्थी काय करतात गं?" मी तिला विचारलं. "हाताचा ब्रेक ओढूनच चालवतात की काय?"

"ते मला दिसणार नाही का दादा?" ती म्हणाली, आणि लगेच, "सोड ना तू. दे विकून."

पहिल्यांदा मला संशय आला तो तेव्हा. ही गाडी तिची लाडकी. तिच्या दाराला ओरखडा पडला तरी ही दोन दिवस नीट जेवायची नाही. ती एवढ्या घाईनं विकायला निघाली होती आणि कारण विचारलं की एकच पाठ केलेलं वाक्य पुढे करायची. पण मिस्त्री माणूस बोलण्यावर फार वेळ थांबत नाही. मला वाटलं, गाडी बरी झाली की हीही बरी होईल.

एक खूण मात्र सापडली. एका संध्याकाळी शेवटची शिकवणी संपवून तिनं गाडी दारात लावली आणि पुढच्या चाकांकडून करपल्याचा वास आला. हात जवळ नेला तर झळ लागली. मी जागच्या जागी टाळी वाजवली. ब्रेक अडकतोय! चाक मोकळं फिरत नाही, इंजिन बिचारं ब्रेक ओढत चालतंय, मग पेट्रोल जाणार नाही तर काय होणार? गाडी जॅकवर चढवली, चाकं उघडली. ब्रेकचे पॅड मी नवेच घातले होते, ते झिजून पत्र्याला आले होते. नवे पॅड घातले, आतली रबरं बदलली, पिना घासून ग्रीस लावलं. चाक हातानं फिरवलं तर भिंगरीसारखं फिरलं. बायकोला सांगितलं, उद्या चांगला चहा कर, मी बहिणीची शाळा वाचवलीय.

आठवड्यानं चाकांना पुन्हा तोच वास. पॅड पुन्हा अर्धे झालेले. चहा वाया गेला.

आता मात्र मला राग आला, आणि राग आला की मी पॅड बनवणाऱ्यांपासून रस्ता बांधणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. तो करून झाल्यावर स्कूटर काढली. म्हटलं, गाडी चालताना बघितल्याशिवाय कळायचं नाही. धाकटी सकाळच्या शिकवणीला निघाली आणि मी थोडं अंतर ठेवून मागे लागलो, हेल्मेटची काच खाली ओढून. भाऊ बहिणीचा पाठलाग करतोय हे दृश्य काही शोभेचं नव्हतं.

गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते. ब्रेक दाबला की लागतात ते. मला वाटलं, वळणाशी आलेत, दाबला असेल. वळण गेलं, दिवे तसेच. सरळ रिकामा रस्ता आला, दिवे तसेच. पुढे चढ लागला. चढावर कुणी ब्रेक दाबत नाही, तिथं सगळा जोर लावावा लागतो. इंजिन घुरघुरत होतं, धूर ओकत होतं, गाडी गोगलगायीसारखी वर जात होती आणि मागचे लाल दिवे माझ्याकडे टक लावून बघत होते.

म्हणजे सबंध वेळ कुणाचा तरी पाय ब्रेकवर होता. मी तिथल्या तिथं निकाल लावला, शिकणारीचा. नवशिक्यांची ही जुनी खोड असते, एका पायानं पळवायचं आणि भीती वाटली की दुसऱ्या पायानं धरून ठेवायचं. धाकटीचं लक्ष नसेल, एवढंच. दुपारी मी तिच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "उद्या सकाळच्या शिकवणीला मी मागच्या सीटवर बसणार."

तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "कशाला?"

"गाडीचा आवाज ऐकायला. पाठीमागून ऐकू येतो नीट."

हे शुद्ध थापेबाजीचं कारण होतं. पण ते तिनं खोडून काढलं नाही. एरवी माझी थाप ती वाक्य संपायच्या आत पकडते.

दुसऱ्या दिवशी शिकायला आल्या होत्या त्या हेडबाई. कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना हेडबाईच म्हणत. नवऱ्याला हल्ली डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यांना दवाखान्यात न्यायचं तर दर वेळी कुणाच्या तरी विनवण्या कराव्या लागतात, म्हणून या वयात गाडी शिकायला निघालेल्या. दोनदा परीक्षेला बसल्या, दोनदा नापास झाल्या. मला बघून त्या ओशाळल्या.

"तुम्ही मागे बसणार? मग माझी फजिती बघायला अजून एक प्रेक्षक मिळाला," त्या म्हणाल्या.

"मी गाडी बघायला आलोय हो. तुम्ही चालवा खुशाल."

आम्ही निघालो. मी दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकून हेडबाईंच्या पायांकडे नजर लावली. डावा पाय क्लचवर येत होता, जात होता, अगदी जसा जायला हवा तसा. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि तो त्यांनी चांगला खोल दाबला होता. ब्रेककडे पाय गेलेलाच नव्हता. आणि तरी गाडी रेटत, कण्हत चालली होती, कुणीतरी मागून शेपूट धरून ठेवल्यासारखी.

"एवढा जोर लावावा लागतो का?" मी विचारलं.

"लागतोच ना," हेडबाई म्हणाल्या. "गाडी जडच चालते. मला वाटतं सगळ्याच चालत असतील. परीक्षेच्या दिवशी मात्र कशी कोण जाणे, उड्या मारते मेली. जरा पाय लावला की पुढे. मग मी घाबरते आणि सगळं चुकतं."

परीक्षेच्या दिवशी गाडी हीच असते. फक्त शेजारच्या सीटवर धाकटी नसते, परीक्षक असतो.

मी मान वळवली. धाकटीनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. तिचा उजवा पाय तिच्या समोरच्या त्या दुसऱ्या ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नव्हता, दाबलेला होता. पोटरीची शीर ताठ झाली होती. रस्ता रिकामा होता. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझ्या सगळ्या थर्मोस्टॅटांचा, पॅडांचा आणि पातेल्याचा निकाल तिथं लागला. मी गाडी तपासायला बाहेर काढायचो तेव्हा एकटाच असायचो. शेजारची सीट रिकामी असायची. आजारी कोण आहे ते मला दिसणार कुठून?

तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. परक्या बाईसमोर बहिणीला बोलायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. शिकवणी संपेपर्यंत मी मागे गप्प बसलो आणि कधी नव्हे ते गप्प बसल्यामुळे धाकटीला सगळं समजलं. हेडबाई उतरून गेल्या तरी ती गाडीतच बसून राहिली. मी मागच्या सीटवरून उतरलो, पुढे आलो आणि स्टिअरिंगवर बसलो.

"किती दिवस?" मी विचारलं.

तिनं समोरच्या काचेकडे बघत विचारलं, "कशाचे?" मग तिलाच ते नाटक पेललं नाही. "उन्हाळ्यापासून," ती म्हणाली.

मी वाट बघितली. मला वाट बघता येत नाही, पण बघितली.

"माझ्या जोडीला याच गाडीवर शिकवायची ती मुलगी सोडून गेली ना, तेव्हा तिच्या सगळ्या शिकवण्याही मीच घेतल्या," ती म्हणाली. "सकाळी बसायचे ते अंधार पडेपर्यंत. मधे उतरायचेसुद्धा नाही. एक दिवस दुपारी एक मुलगा चालवत होता. चांगला चालवायचा तो. ऊन होतं, गाडी एका लयीत चालली होती. आणि दादा, माझा डोळा लागला."

"असं होतं गं..."

"नाही होत. माझ्या जागेवर बसलेल्या माणसाचं असं होऊन चालत नाही." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "कळलं तेव्हा समोर बाई होती. रस्ता ओलांडत होती, हातात पिशव्या. तो मुलगा घाबरला, त्याचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडेच पडला. मी दाबला. गाडी थांबली. इतक्या जवळ थांबली की त्या बाईनं तोल सावरायला बॉनेटवर हात टेकला. काही झालं नाही तिला. तिनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. तिला कळलं होतं, कुणाची चूक आहे ते. मग पिशव्या उचलून निघून गेली."

मी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला तर तिचं अंग गरम लागलं, ताप असल्यासारखं.

"त्या मुलाला वाटलं, मी त्याला वाचवलं," ती म्हणाली. "पाया पडायचा बाकी होता. माझं कौतुक सांगत फिरला सगळीकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेव्हापासून पाय उचलतच नाही रे. मी ठरवून ठेवत नाही, तो जातोच तिथं. वाटतं, पुन्हा डोळा लागला तर निदान पाय असेल. रात्री झोपते तेव्हासुद्धा बोटं ताणलेली असतात. वहिनीनं एकदा विचारलं, लंगडतेस का, तर म्हटलं चप्पल चावली."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? की मला आता शिकवता येत नाही? ज्या बाईला स्वतःला भीती वाटते तिनं दुसऱ्याची भीती काय घालवायची? म्हणून म्हटलं, पेट्रोल पिते म्हणावं आणि विकून टाकावी. तुला वाईट वाटलं असतं, पण लाज नसती वाटली."

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा भाऊ असून मी तिच्या गाडीची नळी न् नळी चाचपली आणि तिला एकदाही विचारलं नाही की तू बरी आहेस ना. पण रडत बसणं मला जमत नाही, मी लगेच कामाला लागतो.

"एक," मी म्हणालो, "दुपारच्या शिकवण्या आजपासून बंद. जेवायचं, झोपायचं. चिडली गिऱ्हाईकं तर माझ्याकडे पाठव. दोन, दोन शिकवण्यांच्या मधे उतरून माझ्याकडे चहा प्यायचा. चहा वाईट असतो, झोप उडते."

ती जराशी हसली. मग पुन्हा गंभीर झाली.

"आणि त्यांचं काय?" ती म्हणाली.

"कुणाचं?"

"हेडबाईंचं. आणि बाकीच्यांचं. दादा, त्या दोनदा नापास झाल्यात. मोकळी गाडी कशी चालते हे त्यांना कधी कळलंच नाही, कारण ब्रेक सतत मीच दाबत होते. थांबवायलासुद्धा शिकल्या नाहीत त्या. मागच्या वेळी परीक्षेहून आल्या आणि म्हणाल्या, माझ्या वयाला हे झेपायचं नाही. मी म्हटलं, प्रयत्न करत राहा." तिनं तोंड हातांत झाकून घेतलं. "असं म्हटलं मी त्यांना."

यावर माझ्याकडे पाना नव्हता. मी एवढंच म्हणालो, "सांगावं लागेल."

"सांगितलं की शाळा संपली. कोण येईल मग माझ्याकडे?"

"न सांगता तर तू विकायलाच निघाली होतीस."

हे मी जरा जोरात बोललो. पण तिला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. टायरवाल्याला मी त्याच दिवशी निरोप दिला की घाई करू नको, अजून ठरलं नाही. तो म्हणाला, ठीक आहे, गाडी कुठं पळून जातेय. पळत नव्हती हे खरंच होतं.

दोन दिवसांनी हेडबाई पुन्हा आल्या. धाकटी मला म्हणाली, तू मागे बस. कशाला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो, जिथं एका बाजूला गोदामांच्या भिंती आहेत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वाटेत लाल दिवे लागलेले असणार, मला आतूनच कळत होतं. गाडी कण्हत होती.

"बाजूला घ्या," धाकटी म्हणाली. "इंजिन बंद करा. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

आणि तिनं सांगितलं. बाई समोर आली ते, डोळा लागला ते, पाय कुठं होता ते. एकही शब्द सोडला नाही, स्वतःच्या बाजूचा एकही घातला नाही. हेडबाई स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होत्या. मागून मला त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता आणि तो अजिबात हलत नव्हता.

"तुम्ही नापास झाला नाहीत," धाकटी शेवटी म्हणाली. "मी केलं तुम्हाला. तुमचे पैसे मी परत करते. दुसरीकडे शिका. तुम्हाला चांगलं येतं, फक्त गाडी मोकळी हवी."

हेडबाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग बोलल्या तेव्हा आवाज असा थंड होता की मला माझी चौथीची परीक्षा आठवली.

"दोन वेळा," त्या म्हणाल्या. "दोन वेळा मी त्या परीक्षेच्या मैदानात पोरासोरांच्या समोर रडले. घरी जाऊन ह्यांना सांगितलं की माझा मेंदू गंजला. ह्यांनी माझा हात धरून सांगितलं, राहू दे, मला कुठं जायचंय. आणि त्यानंतर हे दवाखान्यात जायला नकोच म्हणतात. आपल्यामुळे मला कुणाच्या विनवण्या करायला लागू नयेत म्हणून. कळतंय का तुम्हाला, काय केलंत ते?"

"कळतंय," धाकटी म्हणाली. ती रडत होती, पण तिनं डोळे पुसले नाहीत की मान फिरवली नाही.

मला मधे पडावंसं वाटलं. माझी बहीण वाईट नाही हो, असं सांगावंसं वाटलं. त्याऐवजी मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

हेडबाईंनी पट्टा ओढून घट्ट केला. आरसा जरा वर केला, जरा खाली केला. पदराच्या टोकानं चष्मा पुसला, तो चढवला आणि इंजिन सुरू केलं. त्या परत जायला निघाल्यात, आता खोलीच्या दारात उतरतील आणि संपलं, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

"पाय मागे घ्या," त्या समोर बघत म्हणाल्या.

धाकटीला कळलं नाही. "अं?"

"पाय. तो तुमचा पाय. सीटखाली घ्या मागे आणि तिथंच ठेवा."

"मला नाही जमणार," धाकटी म्हणाली. हे इतक्या खालच्या आवाजात की मी पुढे वाकलो नसतो तर मला ऐकू आलं नसतं.

"मलाही नव्हतं जमत," हेडबाई म्हणाल्या. "तरी तुम्ही म्हणालात, प्रयत्न करत राहा."

धाकटीचा पाय ब्रेकवरून निघाला. इंचभर मागे आला, थांबला, आणखी थोडा आला. तिनं तो दोन्ही हातांनी गुडघ्याला धरून मागे ओढला आणि सीटच्या कडेशी दाबून धरला. हेडबाईंनी क्लच सोडला. गाडी अशी उसळली की माझं डोकं टपाला आपटलं आणि मीच ओरडलो. भिंत, रस्ता, आभाळ सगळं एकदम पुढे आलं. धाकटीचा पाय झेपावला, तिनं तो हातांनी दाबून धरला, आणि हेडबाईंनी ब्रेक मारला. त्यांच्या स्वतःच्या पायानं. इंजिन बंद पडलं. आम्ही तिघंही पुढे जाऊन मागे आलो.

हेडबाईंनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं.

"ही मी थांबवली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही," धाकटी म्हणाली. "मी हात लावला नाही."

हेडबाईंनी पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी क्लच हळू सोडला. गाडी पुढे निघाली, हलकी, तिच्या स्वतःच्या वजनाएवढीच. धाकटीनं पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि समोर बघत होती. डोळे टक्क उघडे होते. हेडबाई म्हणाल्या, "उद्या याच वेळी येते." मी मागे बसून माझं डोकं चोळत होतो आणि मला रडू येत होतं, त्याचा दोष मी टपाला दिला.